वादळात बुडालेल्या मोटारीचे मोल

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर कॅल्व्हर्टन नावाचे एक गाव आहे. तेथे एके काळी ग्रुमन कंपनीच्या कारखान्यात अमेरिकी नौदलाची लढाऊ विमाने जुळविली जात. कारखाना बंद झाला, तरी त्यासाठी बांधलेली लांबरुंद धावपट्टी तशीच पडून होती. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘सँडी’ वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले, न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला समुद्र जवळजवळ चौदा फुटांपर्यंत चढला, आणि पुढच्या काही आठवड्यांत या ओसाड धावपट्टीवर विमानांऐवजी मोटारींच्या रांगा लागल्या. बाहेरून पाहावे तर हजारो मोटारी जशाच्या तशा. आत मात्र काचांवर ओल आणि गालिच्यांखाली गाळ. विमा कंपन्यांनी मालकांचे दावे चुकते करून ताब्यात घेतलेला हा माल लिलावाची वाट पाहत होता. त्या एका वादळात बाधित झालेल्या वाहनांची संख्या अडीच लाखांच्या घरात असल्याचा विमा व्यवसायाचा अंदाज होता.

या अडीच लाखांपैकी बहुतेकांचा हिशेब सोपा होता. दोन-चार वर्षे वापरलेल्या मोटारीचा बाजारभाव छापील पुस्तकात मिळतो. तेवढा धनादेश मालकाच्या हाती पडतो आणि तो दुसरी मोटार घेतो. प्रश्न निर्माण होतो तो अशा मोटारींच्या बाबतीत, ज्यांचा कारखाना त्या मोटारी आता काढीत नाही आणि ज्यांचा भाव कोणत्याही नेहमीच्या पुस्तकात बसत नाही. टप पाडता येणारी, म्हणजे ज्यांना ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतात अशी जुनी मोटार हे याचे उत्तम उदाहरण. छत कापडाचे असल्यामुळे वादळापुढे ती सर्वांत दुबळी. आणि संग्राहकांच्या बाजारात नेमक्या त्या कापडी टपामुळेच तिचा भाव तिच्या पत्र्याच्या छताच्या भावंडापेक्षा बहुधा चढा!

फोर्ड कंपनीने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘मस्टँग’ मोटार लोकांपुढे आणली. पत्र्याच्या छताच्या मोटारीची किंमत होती २,३६८ डॉलर. टपाची मोटार थोडी महाग. पहिल्या हंगामातच टपाच्या मस्टँगची संख्या एक लाखाच्या वर गेली. म्हणजे ही काही संस्थानिकांच्या पागेत शोभणारी दुर्मिळ वस्तू नव्हे. शाळामास्तर, कारकून, नुकताच नोकरीला लागलेला तरुण यांना हप्त्याने परवडावी म्हणूनच ती काढलेली होती. आज अशी मोटार बाळगणाऱ्यांमध्ये धनिक आहेत, तसेच वडिलांनी घेतलेली मोटार रविवारी पुसून ठेवणारे निवृत्त चाकरमानेही आहेत. तेव्हा वादळाने तिचे नुकसान झाले, की ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून तो प्रश्न झटकून टाकणे बरोबर नाही.

दुर्मिळतेमुळे किंमत चढते हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातले विधान. पण दुर्मिळता म्हणजे तरी काय? १९६५ च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला सुमारे पाच लाख टपाच्या मोटारी तयार होत. पुढे वातानुकूलन स्वस्त झाले, महामार्गांवरचा वेग वाढला, मोटार उलटली तर डोक्यावर छत हवे ही जाणीवही बळावली, आणि दहा वर्षांत हा प्रकार जवळजवळ नामशेष झाला. १९७६ साली कॅडिलॅक कंपनीने आपली ‘एल्डोराडो’ ही शेवटची अमेरिकन टपाची मोटार असल्याचा गाजावाजा केला. त्या वर्षी तिच्या १४,००० मोटारी निघाल्या. अखेरच्या दोनशे तर मुद्दाम पांढऱ्या रंगाच्या. अनेकांनी त्या चालविण्यासाठी नव्हे, तर ठेव म्हणून घेतल्या. परंतु १९८२ साली क्रायसलरने टपाची मोटार पुन्हा बाजारात आणली आणि १९८४ साली खुद्द कॅडिलॅकनेही तेच केले. ‘शेवटची’ म्हणून घेतलेली वस्तू शेवटची राहिली नाही, तेव्हा काही खरेदीदारांनी फसवणुकीची तक्रार घेऊन न्यायालय गाठले. त्यांच्या पदरात काही पडले नाही. सांगायचा मुद्दा असा की, अशा मोटारीच्या किमतीचा मोठा भाग पत्र्यात नसून लोकांच्या समजुतीत असतो. पाणी शिरते ते मात्र पत्र्यात.

आणि ते कसे शिरते हे नीट पाहण्यासारखे आहे. वादळ म्हणजे प्रत्येक वेळी पूरच असे नाही. कधी झाडाची फांदी टपावर कोसळते. पत्र्याचे छत निदान काही भार झेलते. कापडी टपाखाली असतात त्या लोखंडाच्या चार-पाच कमानी. त्या वाकतात आणि बाकीचा आघात समोरच्या काचेच्या चौकटीवर व दारांवर जातो. तरीही हे नुकसान डोळ्यांना दिसते, मोजता येते. मेस्त्री त्याचा अंदाज देऊ शकतो. खरे कठीण प्रकरण खाऱ्या पाण्याचे. पाणी ओसरल्यावर मालकाचा पहिला मोह असतो चावी फिरवून पाहण्याचा, आणि बहुतेक वेळा इंजिनाचा खरा घात वादळ करीत नाही, ही चावी करते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असताना पिस्टन वर येऊ लागला, की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्त होण्याजोगे इंजिन भंगारात जाते. जाणते मेस्त्री म्हणून आधी बॅटरी सोडवितात, प्लग काढतात, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर घालवितात, आणि ऑइल दुधाळ झालेले दिसले तर ते एकदा नव्हे, दोन-तीनदा बदलतात. गिअरबॉक्सला आणि मागच्या डिफरन्शियलला हवा खेळण्यासाठी बारीक भोके असतात. गरम मोटार थंड पाण्यात बुडाली की त्या भोकांतून पाणी आत ओढले जाते. तेही तेल काढून टाकावे लागते. सर्वांत आधी करायचे काम मात्र अगदी साधे: भरपूर गोड्या पाण्याने मोटार आतून-बाहेरून धुणे. बुडालेली मोटार पुन्हा पाण्याने धुवायची हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु क्षार उरला तर गंज थांबत नाही.

टपाच्या मोटारीचे याहून वेगळे एक दुखणे आहे. मस्टँगसारख्या मोटारीला स्वतंत्र चासी नाही. सगळा सांगाडा एकसंध. छत काढून टाकले म्हणजे सांगाड्याचा ताठपणा जातो, म्हणून तो दारांखालच्या पोकळ पेटीसारख्या पट्ट्यांना आणि तळाच्या पत्र्याला जादा मजबुती देऊन भरून काढलेला असतो. पुराचा गाळ नेमका या पोकळ्यांत जाऊन बसतो, निचऱ्याची भोके बुजवितो, आणि पत्रा आतून खात राहतो. बाहेर रंग चकाकत असतो. वर्ष-दोन वर्षांनी दार नीट बसेनासे होते, तेव्हा मोटार मधोमध खचू लागल्याचे कळते. टपाचेही तसेच: ओला टप गुंडाळून ठेवला तर त्याच्या अस्तरात आणि शिवणीत बुरशी धरते. टप उचलणारा पंप मागच्या आसनाच्या पाठीशी, म्हणजे पाणी साचते त्याच जागी असतो.

असे असले तरी जुन्या मोटारीला एक मोठा फायदा आहे. तिच्यात संगणक नाही. तिची वायरिंग एखाद्या इलेक्ट्रिशियनने दोन दिवसांत उलगडून पुन्हा जोडावी इतकी सरळ. उलट आजच्या मोटारीच्या गालिच्याखाली वायरींचे जाळे आणि संवेदक पसरलेले असतात. पाणी आसनापर्यंत आले की विमा कंपनी सहसा दुरुस्तीच्या फंदात न पडता ती संपूर्ण हानी म्हणून मोकळी होते. साठ वर्षांपूर्वीची मोटार पुरातून वाचू शकते आणि गेल्या वर्षीची वाचत नाही! तंत्रविद्येच्या प्रगतीची ही बाजू जाहिरातीत सापडायची नाही.

मग अमेरिकेत अशा वाचू शकणाऱ्या मोटारीही भंगारात का जातात? याचे उत्तर यंत्रात नाही, मजुरीच्या दरात आहे. जुन्या मस्टँगचे सुटे भाग आजही नव्याने बनतात. फोर्डच्या परवान्याने काही जुन्या मॉडेलांचे अख्खे सांगाडेसुद्धा बनविले गेले आहेत. भाग स्वस्त, पण माणसाचा तास महाग. मोटार पूर्ण उघडायची, प्रत्येक पोकळी धुवायची, वाळवायची, पत्रा कापून नवा जोडायचा, या कामाला शेकडो तास लागतात, आणि तेवढ्या मजुरीत मोटारीची किंमत केव्हाच ओलांडली जाते. मुंबई-पुण्याच्या गॅरेजमध्ये परिस्थिती बरोबर उलटी: मेस्त्रीचा तास स्वस्त, परदेशी मोटारीचा भाग महाग आणि दुष्प्राप्य. म्हणून तिकडे जो भाग फेकून दिला जातो तो इकडे ठोकून, वितळवून, झाळून पुन्हा बसविला जातो. आपल्या मेस्त्रीच्या कसबाचे कौतुक करताना ते कसब इतके स्वस्त का मिळते हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, हे जाता जाता नमूद केले पाहिजे. एकच मोटार एका देशात संपूर्ण हानी ठरते आणि दुसऱ्या देशात दुरुस्त होते.

विम्याचा करार हा या सगळ्याचा मर्मबिंदू. अमेरिकेत वाहनाच्या सर्वंकष विम्यात पुराचे नुकसान येते. पण भरपाई मिळते ती ‘प्रत्यक्ष रोख किमती’ची, म्हणजे घसारा वजा जाता उरणाऱ्या रकमेची. जुन्या मोटारीच्या बाबतीत हा शब्दप्रयोग घातक ठरतो, कारण घसाऱ्याचे गणित वयाबरोबर किंमत उतरते असे धरून चालते आणि येथे ती चढलेली असते. त्यावर उपाय म्हणून ‘संमत मूल्या’चे विमापत्र निघाले. मोटारीची तपासणी करून, छायाचित्रे घेऊन, तिचे मोल वादळाच्या आधीच दोघांनी ठरवायचे. हानी झाली की तीच रक्कम द्यायची. त्याबदल्यात कंपनी अटी घालते: मोटार बंदिस्त जागेत ठेवावी, वर्षाकाठी ठराविक मैलांहून अधिक चालवू नये, रोजच्या वापराला दुसरी मोटार असावी. या अटी जाचक वाटल्या तरी त्यांत तर्क आहे. पूर्ण भरपाईची हमी मिळालेला माणूस बेफिकीर होतो, ही विमाशास्त्राची जुनी चिंता आहे.

परंतु याच नावाशी मिळतेजुळते दुसरे एक विमापत्र विकले जाते, ‘कथित मूल्या’चे. मालक आपल्या मनाने एक रक्कम सांगतो, तीवर हप्ता भरतो आणि निश्चिंत होतो. करारातले वाक्य मात्र बहुधा असे असते की, कथित रक्कम किंवा प्रत्यक्ष रोख किंमत यांपैकी जी कमी ती मिळेल. हप्ता मोठ्या रकमेवर आणि भरपाई लहान रकमेची! एका शब्दाच्या फरकाची किंमत काय असते हे मालकाला वादळानंतर कळते.

भरपाई दिल्यावर मोटार कंपनीची होते आणि लिलावात जाते. तेथून पुढची गोष्ट ज्या अर्थशास्त्रज्ञाने सांगितली, त्याने पूर पाहिला नव्हता, जुन्या मोटारींचा बाजार पाहिला होता. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा १९७० सालचा निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी तीन नियतकालिकांनी नाकारला होता; २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: विकणाऱ्याला मोटारीचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो, म्हणून घेणारा प्रत्येक मोटारीला संशयाने कमी भाव देतो, चांगल्या मोटारींचे मालक त्या भावाला विकायला तयार होत नाहीत, आणि बाजारात वाईट माल तेवढा उरतो. बुडालेल्या मोटारींनी हे अक्षरशः खरे करून दाखविले. अमेरिकेत अशा मोटारीच्या मालकीपत्रावर पुराचा किंवा भंगाराचा शिक्का बसतो, पण प्रत्येक राज्याचे नियम निराळे. एका राज्यात शिक्का मारलेली मोटार दुसऱ्या राज्यात नेऊन नव्याने नोंदवावी, की शिक्का गळून पडतो. हा ‘धुलाई’चा धंदा रोखण्यासाठी १९९२ च्या कायद्याने देशव्यापी नोंदवही ठेवण्याचे ठरले; सामान्य ग्राहकाला तिचा उपयोग करता येऊ लागला २००९ साली. मधल्या काळात कॅटरिना वादळ येऊन गेले होते. गालिचा उचलून पाहणे, पट्टा पूर्ण ओढून त्याच्या टोकाला गाळाचा डाग आहे का हे पाहणे, दिव्यांच्या आत ओल शोधणे, हीच ग्राहकाची साधने होती, आणि आजही ती निरुपयोगी झालेली नाहीत.

भारतात नोंदणीपुस्तकावर पुराचा असा शिक्का मारण्याची पद्धत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी बुडालेल्या मोटारी पुढे कोणाकोणाच्या दारात गेल्या हे म्हणूनच सांगता येणार नाही. विमापत्रात वादळ, पूर, गारपीट यांचा उल्लेख असतो; तथापि पाण्यात चावी फिरवल्यामुळे इंजिन गेले, तर ते पुराचे नुकसान नसून नंतरच्या कृतीचा परिणाम असल्याचे सांगून दावे नाकारले गेले. त्या उणिवेवर आता जादा हप्ता घेऊन वेगळे इंजिन-संरक्षण विकले जाते.

जुन्या मोटारींची अडचण याहून चमत्कारिक. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफने संमत मूल्याचे विमापत्र मान्य केले, पण ते ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या आणि तसे प्रमाणपत्र असलेल्या मोटारींपुरतेच. पाच वर्षांहून जुन्या इतर मोटारींची किंमत दोन्ही पक्षांनी ठरवायची, आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला की मोटार संपूर्ण हानी समजायची, असे त्यात होते. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने नोंदणीच्या नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनाची व्याख्या केली, ती पन्नास वर्षांची, आणि त्यांना क्रमांकासाठी ‘व्हीए’ ही अक्षरे दिली. १९६५ सालची टपाची मोटार अशा रीतीने परिवहन खात्याच्या लेखी वारसा ठरली आणि टॅरिफच्या तारखेने पाहता केवळ जुनी मोटार. अशा मोटारीच्या मालकाने पावसाळ्यापूर्वी टपाची शिवण तपासावी हे खरेच. त्याआधी विमापत्रातली किमतीची ओळ वाचावी, मोटारीची दिनांकासह छायाचित्रे व मूल्यांकनाचा कागद कंपनीकडे दाखल करून पोच घ्यावी. सर्व्हेअर येतो तो पाणी ओसरल्यावर, आणि त्याच्यापुढे जे कागद असतात त्यांवरच तो आकडा लिहितो.