तोलामोलाचा सौदा

करोल बागेतील सराफाच्या तराजूला सोन्याचे आजचे वजन कळते. उद्याचा भाव कळत नाही. क्रिकेटपटूंच्या अदलाबदलीतही हीच अडचण असते.

२०१८ च्या आय.पी.एल. स्पर्धेत दिल्लीचा संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने हैदराबादकडून मूळचा दिल्लीकर शिखर धवन घेतला आणि विजय शंकर, शाहबाज नदीम व अठरा वर्षांचा अभिषेक शर्मा हे तिघे दिले. धवनचे मोल ५.२० कोटी रुपये, तिघांचे मिळून ६.९५ कोटी, शिवाय धवन तेहेतीस वर्षांचा होत आला होता. मग हा सौदा आतबट्ट्याचा ठरला काय?

याचे उत्तर संघाच्या गरजेत आहे. ऋषभ पंत, श्रेयस अय्यर, पृथ्वी शॉ हे तरुण दिल्लीपाशी होतेच. उणीव होती ती अनुभवी सलामीवीराची. धवनने २०१९ मध्ये ५२१ व २०२० मध्ये ६१८ धावा केल्या आणि २०२० साली दिल्लीने प्रथमच अंतिम सामना गाठला. मात्र २०२२ मध्ये तो पंजाबकडे गेला. उलट अभिषेक पहिले तीन हंगाम फारसा चमकला नाही. पण १२ एप्रिल २०२५ रोजी त्याने हैदराबादसाठी ५५ चेंडूंत १४१ धावा काढल्या.

तात्पर्य, ज्येष्ठाचे फळ लवकर मिळते, पण थोडा काळ टिकते. उमेदीच्या खेळाडूचे फळ उशिरा येते, आणि येईलच अशी हमी नसते. तेव्हा सौदा करणाऱ्याने खेळाडूंच्या गुणांबरोबर स्वतःचा धीरही तोलून पाहावा, हे श्रेयस्कर.