टायरातील हवा गेली तरी

मुलांनो, नागपूरहून मुंबईस जाणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग २०२५ साली संपूर्ण खुला झाला. अशा वेगवान मार्गावर चाक पंक्चर झाले, तर वाटेत थांबून ते बदलणे जिवावर बेतू शकते. म्हणून काही मोटारींना ‘रन-फ्लॅट’ टायर बसवितात. त्यांच्या बाजूंचे रबर जाड व बळकट असल्याने हवा गेली तरी ते गाडीचा भार पेलते. चाक बसलेले सहसा दिसत नाही. चालकासमोरील पिवळा दिवाच ती वार्ता देतो. मग वेग ताशी ८० किलोमीटरांच्या आत आणावा व जवळचे दुरुस्तीचे ठिकाण गाठावे. बहुधा ८० किलोमीटरांपर्यंतच हा टायर साथ देतो. पुढे तापलेले रबर फाटण्याचे भय असते. दिवा पाहूनही जो वेग आवरत नाही, त्याला बळकट टायरही तारू शकत नाही.