मंगळवारचं माप
रोजच्या धबडग्यात – भाग ६

मागच्या भागात दिवसाचा वेळ कुठे कुठे जातो ते आपण पाहिलं. थोडा वेळ हाती लागतोय असं दिसलं, की माणूस लगेच काहीतरी मोठं ठरवून बसतो. वर्षभरात दहा किलो वजन, सहा महिन्यांत जर्मन, दिवाळीपर्यंत सगळे कपाटातले कागद. हे बेत का फसतात ते समजून घ्यायला मला हातच्याच्या वजाबाकीसारखं दुसरं उदाहरण सापडलेलं नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा आणि त्यांचे सहकारी डेल शंक यांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजाबाकी म्हटलं की अंग चोरणारी, गणितात मागे पडलेली लहान मुलं त्यांनी निवडली. स्वतः वाचून सोडवायचं साहित्य सगळ्यांना सारखंच होतं, ४२ पानांचं, आणि बैठका सात. एका गटाला सुचवलं, दर बैठकीला सहा पानं करा. दुसऱ्याला सांगितलं, सातव्या बैठकीपर्यंत सगळी ४२ करा. तिसऱ्याला कसलाच आकडा दिला नाही. सहा साती बेचाळीस, म्हणजे पहिल्या दोन्ही गटांचं काम एकच. तरी सहा पानांचा गट वजाबाकीत बाकीच्यांच्या बराच पुढे गेला. त्याहून नवल म्हणजे, ४२ पानांचं लक्ष्य दिलेली मुलं काहीच लक्ष्य नसलेल्या मुलांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाहीत. लांबचं ध्येय असून नसल्यासारखं!

आणखी एक गोष्ट झाली. नंतर मुलांना मोकळं सोडलं, हवं ते करा म्हणून. तेव्हा सहा पानांच्या गटातली मुलं आपण होऊन वजाबाक्या सोडवत बसली. बंडुरांचं म्हणणं असं, की 'मला हे येतं' हा भरवसा कोणी नुसती पाठ थोपटल्याने येत नाही. आपण केलेलं आपल्याला दिसावं लागतं, आणि सहा पानं त्याच दिवशी दिसतात. बेचाळिसावं पान सातव्या बैठकीपर्यंत फक्त धाक घालत राहतं.

आता कोणी म्हणेल, छोटं म्हणजे सोपं, आणि सोप्यातून काय निघणार? शंका रास्त आहे. ध्येयांच्या अभ्यासात ज्यांचा शब्द मानला जातो ते एडविन लॉक आणि गॅरी लॅथम अवघड ध्येयाच्याच बाजूचे. लॅथम यांचा १९७५ मधला अभ्यास ओक्लाहोमात ओंडके वाहणाऱ्या ट्रकांवरचा आहे. कायद्याने चालणाऱ्या वजनाच्या साधारण ६० टक्केच माल भरला जायचा. 'जमेल तेवढं भरा' असं सांगून काही हललं नाही. मग ९४ टक्के हा आकडा दिला आणि काही महिन्यांत भरणा नव्वदीच्या वर गेला. आकडा अवघड होताच, पण तो एकेका खेपेचा होता, वर्षाच्या मालाचा नव्हता. 'जमेल तेवढं' या आपल्या लाडक्या शब्दांचं काय होतं, तेही यात दिसतं.

तेव्हा ध्येय आजच्या आज मोजता यावं, इतकं तर नक्की. पण किती छोटं? फ्लॉसने दात साफ करायची सवय एकाच दातापासून लावा, असं अमेरिकेतले सवयींचे अभ्यासक बी. जे. फॉग सांगतात. मला ते जरा नाटकी वाटतं, पण रोख बरोबर आहे. आपण बेत आखतो रविवारी संध्याकाळी, चहा झालेला असताना. पाळायचा असतो मंगळवारी, जेव्हा नळाला पाणी आलेलं नसतं, मुलाचा डबा राहिलेला असतो आणि ७.५२ ची लोकल सुटलेली असते. माझं स्पष्ट मत आहे, की ध्येयाचं माप या मंगळवारावरून घ्यावं. रविवारी पाऊण तास चालता येतं हे खरं, पण मंगळवारीही जमेल असं अंतर किती? स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षा न करणं, एवढंच असेल कदाचित. मग ठरवायचं तेवढंच. रविवारी जास्त झालं तर ते वरकड, त्याची नोंद नको.

आपल्याकडे नेम करणाऱ्या जुन्या माणसांना हे न शिकवता कळलेलं होतं. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांवर ओव्या आहेत. रोज पाच म्हटल्या तर पाच वर्षं लागतात, पण पाच ओव्या अंगात ताप असतानाही वाचून होतात. सप्ताहातलं सात दिवसांचं पारायण ही वेगळी गोष्ट. तिथे आठवडाच बाजूला काढलेला असतो.

माप ठरलं की जागा ठरवायची. पीटर गॉलविट्झर आणि वेरोनिका ब्रँडश्टेटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक टिपण लिहायला सांगितलं. निम्म्यांकडून नेमकं कधी आणि कुठे बसून लिहिणार हेही लिहून घेतलं. त्यांच्यातल्या तिघांपैकी दोघांहून थोड्या अधिकांनी ते वेळेत पुरं केलं. बाकीच्यांत तिघांतल्या एकाने. 'रोज दहा मिनिटं वाचीन' यापेक्षा 'कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत वाचीन' हे टिकतं, ते यामुळे.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे मात्र विसरा. ते मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून पसरलं. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा माग ठेवला, तेव्हा सवय अंगवळणी पडायचा काळ १८ ते २५४ दिवस असा निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मोबाइलवर सलग दिवसांची माळ दाखवणारी ॲप हे सांगत नाहीत. माळ तुटली की माणूस सगळंच सोडून देतो.

या सगळ्या सल्ल्यात एक गृहीत दडलेलं आहे, की माणसाचा वेळ त्याच्या हातात असतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि करणारे पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं वाचली, पुरुषांनीही नऊ वाचवून घेतली! जिच्या दिवसातली जवळपास पाच तास विनामोल कामं ठरलेलीच आहेत, तिला 'कुकरच्या शिट्ट्यांत वाच' म्हणणं हा शहाजोगपणा होऊ शकतो, आणि वरचं माझं उदाहरणही त्यातून सुटत नाही. अशा घरात पहिलं छोटं ध्येय तिचं नसावंच. रात्रीची भांडी आठवड्यातले तीन वार नवऱ्याने घासायची, वार ठरवून, तिने आठवण न करता. तेही मंगळवारच्या मापाने ठरवलेलं, आजच्या आज मोजता येणारं ध्येयच आहे. फक्त ते वहीत लिहायचं कोणी, यावरून घरात थोडं वाजेल.

पुढच्या भागात: ठरवलेली गोष्ट खुशाल सोडून कधी द्यावी.