व्यवसाय आणि उत्तरदायित्व (लेखांक सहावा) : दौंडच्या डॉक्टरांचा दावा

गेल्या पाच लेखांकांत अमेरिकेतील न्यायालये, विद्यापीठे आणि व्यावसायिक परिषदा यांच्या उत्तरदायित्वाची चर्चा आपण केली. ती वाचून रहाटणीतील एका गृहस्थांनी मला रस्त्यात थांबवून विचारले की, तिकडचा न्याय वाचून समजला, परंतु उद्या आमच्या भागातील एखाद्या रुग्णालयात माझ्या माणसाचे काही बरेवाईट झाले, तर मी कोणत्या दारात उभे राहावे आणि हातात काय घेऊन उभे राहावे? गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहेत. त्यांच्या प्रश्नाचा पूर्वार्ध कोणत्याही वकिलाने सोडविला असता, पण उत्तरार्धाने मला कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. या आठवड्याचा लेखांक त्या उत्तरार्धासाठी आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यास अमेरिकेला जाण्याची गरज नाही. ते पुण्यातच, सत्तर वर्षांपूर्वीच्या एका खटल्यात सापडते.

६ मे १९५३ रोजी, दिवस मावळण्याच्या सुमारास, रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात होऊन त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. लाकडी फळ्या बांधून पाय हलू नये अशी तजवीज गावी करण्यात आली. त्याहून अधिक उपचार त्या काळी तेथे मिळण्याजोगा नव्हता. मग टॅक्सीतून सुमारे दोनशे मैलांचा आणि अकरा तासांचा प्रवास करून त्याला पुण्यास आणले, आणि ९ मे रोजी तो शहरातील एका नामांकित शल्यविशारदांच्या रुग्णालयात दाखल झाला. मॉर्फियाची सुई टोचली गेली, क्ष-किरण चित्रे निघाली, शस्त्रक्रियागृहात पायाला प्लास्टर चढले, आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास मुलगा बाहेर आला. सात वाजेपर्यंत औषधाचा अंमल उतरेल, असे आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला परतले, कारण ते स्वतः दौंड येथे डॉक्टरी करीत असत. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेणे जड जाऊ लागले, आणि रात्री नऊ वाजता त्याचा अंत झाला. मृत्यूच्या दाखल्यावर जे कारण नोंदले गेले, ते असे की, मोडलेल्या हाडातील मेद रक्तात मिसळून रक्तवाहिनी अडली.

त्या बापावर काय कोसळले असेल, याचे वर्णन करण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र कागदोपत्री दिसते की, त्यांनी तो दाखला स्वीकारला नाही आणि नुकसानभरपाईचा दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, मुलाला पुरेशी भूल न देताच, अंगबळ वापरून आणि तीन माणसांच्या मदतीने पाय ओढून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला, व त्या असह्य आघाताने तो गेला. प्रतिवादींची कैफियत अशी की, हाड बसविण्याचे काम त्या दिवशी केलेच नव्हते. मॉर्फियाच्या अमलाखाली हलकी ओढ देऊन पाय केवळ स्थिर केला होता. प्रथम न्यायालयाने वादीचे म्हणणे ग्राह्य मानून ३,००० रुपयांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती शेलत यांच्या निकालपत्राने अपील फेटाळले. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’ या नावाने तो निवाडा आज देशातील प्रत्येक विधि-महाविद्यालयात शिकविला जातो. जो मनुष्य वैद्यकीय सल्ला व उपचार देण्यास पुढे होतो, त्याने आपण त्यास लागणारे ज्ञान व कौशल्य बाळगतो असे अभिवचनच दिलेले असते. म्हणून रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना, आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही प्रसंगी वाजवी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते. ही काळजी सर्वोच्च कोटीची असावी अशी अपेक्षा कायदा करीत नाही. पण ती अत्यल्प असूनही चालत नाही, आणि तिचे माप त्या त्या प्रकरणाच्या परिस्थितीवरून घ्यावयाचे असते.

निकालातील तत्त्व सर्वांनी वाचले; मला त्या खटल्यातील दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. वादी स्वतः डॉक्टर होते. भूल कशास म्हणतात, मॉर्फियाने वेदना किती वेळ दबते, हाड बसविणे आणि पाय नुसता स्थिर करणे यांत काय अंतर आहे, मृत्यूचा दाखला वाचताना कोणत्या शब्दापाशी थबकावे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. प्रतिपक्षाच्या तज्ज्ञाला कोणता प्रश्न विचारावा, हे ते आपल्या वकिलास सांगू शकत होते. इतके असूनही मुलाच्या मृत्यूपासून अखेरच्या निवाड्यापर्यंत पंधरा वर्षे उलटली. त्या पंधरा वर्षांत जर वादीच्या जागी एखादा गिरणी कामगार असता, तर दावा पहिल्या जबानीच्या पलीकडे गेला असता, असे मला वाटत नाही.

आता थोडे अमेरिकेकडे वळू, कारण त्याच १९६८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रून विरुद्ध बेलिन्कॉफ’ या खटल्यात एक जुना अन्याय दूर केला. न्यू बेडफर्ड या गावी बाळंतपणाच्या वेळी एका स्त्रीस पाठीच्या कण्यातून भूल देण्यात आली. औषधाची मात्रा आठ मिलिग्रॅम होती, आणि पन्नास मैलांवरील बोस्टनमध्ये मात्र पाच किंवा त्याहून कमी देण्याचा प्रघात होता. स्त्रीचा डावा पाय बधिर झाला व दुबळा राहिला. ज्युरीला सांगण्यात आले की, न्यू बेडफर्डमध्ये जो प्रघात आहे त्याच मापाने डॉक्टरांचे वर्तन तोलावे, बोस्टनचे माप लावू नये. कारण १८८० सालापासून तेथे असा नियम रूढ होता की लहान गावच्या डॉक्टराची तुलना लहान गावच्याच डॉक्टराशी करावयाची. न्यायालयाने हा नियम मोडीत काढला. रेल्वे, मोटार, वैद्यकीय नियतकालिके आणि परिषदा यांनी गावोगावीचे डॉक्टर एकमेकांस जोडले गेले असता गावाच्या हद्दीवर ज्ञानाची सीमा मानणे योग्य नव्हे. उपलब्ध साधनांचा विचार अवश्य व्हावा, पण तो एक घटक म्हणून. या नियमाच्या मागे आणखी एक दोष दडला होता, आणि तो आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. लहान गावात त्या विषयाचे दोन-तीनच जाणकार. ते रोज एकमेकांना भेटणार. मग त्यांतील एक दुसऱ्याविरुद्ध साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहील तरी कसा? व्यवसायबंधूंच्या या मौनाची तक्रार अमेरिकेतील न्यायपीठांनीच आपल्या निकालपत्रांत नमूद करून ठेविली आहे.

रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागर हा आमचा पट्टा एके काळी पवनेकाठची शेतीची गावे होता; आज तेथे चौकाचौकांत रुग्णालयांच्या पाट्या आहेत, आणि लातूर, बीड, बुलढाणा, जळगाव येथून पोटासाठी आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. येथील रुग्णाला पुण्याच्या मापाने न्याय मिळावा, ही मागणी मुळीच अवाजवी नाही; पुणे तर पन्नास मैलही दूर नाही. दार कोणते, याचे उत्तर आता स्पष्ट आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मोबदला घेऊन केलेला वैद्यकीय उपचार ही ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ होय. आणि ज्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतले जातात व काहींना मोफत उपचार मिळतो, तेथील मोफत रुग्णालाही तक्रारीचा हक्क आहे. जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार होतो, तेवढी रुग्णालये या कायद्याच्या बाहेर राहिली. कारखान्यांच्या या पट्ट्यात ज्याची माहिती प्रत्येक कामगारास असावी असा दुसरा निवाडा २००७ सालचा आहे : कामगार विमा योजनेच्या रुग्णालयातील उपचार हा फुकटचा नव्हे, कारण त्यासाठी वर्गणी भरलेली असते, म्हणून विमेदार कामगार व त्याचे कुटुंबीय ग्राहक ठरतात. दार उघडे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही बंधन नाही.

तरीही दारात उभे राहणे आणि आत जाऊन म्हणणे सिद्ध करणे यांत मोठे अंतर आहे. दौंडच्या वादीपाशी जे ज्ञान होते, ते आमच्या कामगाराला कोण देणार? अमेरिकेत वकील पुष्कळदा अशा करारावर खटला घेतो की, भरपाई मिळाली तर तीतील ठराविक हिस्सा त्याचा, न मिळाली तर फी नाही. त्यामुळे तज्ज्ञाचा खर्चही तोच सोसतो. या पद्धतीत खटलेबाजीचा धोका आहे, आणि मागील लेखांकात पाहिल्याप्रमाणे कॅलिफोर्नियाने १९७५ साली वेदना व मनस्तापाच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरांची जी मर्यादा घातली, ती २०२३ साल उजाडेपर्यंत तशीच राहून अनेक कुटुंबांवर अन्याय झाला. आपल्याकडे अशा हिस्सेवारीच्या फीला वकिलांच्या आचारनियमांनी मनाई आहे, आणि ती असावी असेच माझे मत आहे. परंतु मग तज्ज्ञाचे मत गरीब तक्रारदाराला मिळवून देण्याची दुसरी काही व्यवस्था राज्याने करावयास हवी होती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने डॉक्टराला नोटीस काढण्यापूर्वी तज्ज्ञाचे मत घ्यावे असे म्हटले, तेव्हा हे दार अर्धे लागल्यासारखे झाले होते. ८ मार्च २०१० रोजी ‘व्ही. किशनराव’ प्रकरणात दुसऱ्या पीठाने ते पुन्हा उघडले : प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ लागतोच असे नाही, जेथे गोष्ट साध्या विचारालाही दिसते, तेथे आयोगाने स्वतः निर्णय करावा. तो रुग्ण हिवतापाचा होता आणि उपचार विषमज्वराचा झाला होता.

डॉक्टरांच्या बाजूचा न्यायही येथे सांगितलाच पाहिजे, कारण अयश आणि अपराध यांत भेद न करणारा समाज शेवटी आपल्याच रुग्णांचे अहित करतो. प्रत्येक मृत्यू हा निष्काळजीपणा नसतो. ५ ऑगस्ट २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निवाड्याने फौजदारी खटल्यासाठी ढोबळ स्वरूपाचा निष्काळजीपणा आवश्यक ठरविला, सक्षम डॉक्टराच्या मताखेरीज खाजगी फिर्याद चालवू नये असे सांगितले, आणि सरसकट अटकेला पायबंद घातला. हे योग्यच झाले. रुग्णालयाच्या काचा फोडल्याने कोणालाही न्याय मिळालेला नाही. त्या दंगलीत फाटतो तो नातेवाइकांचाच पुरावा.

आणि येथेच ‘हातात काय घेऊन’ या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याच्यापाशी वैद्यकाचे ज्ञान नाही, त्याच्यापाशी निदान वैद्यकाचा कागद असला पाहिजे. दाखल करतानाची नोंद, दर तासाची नाडी व रक्तदाब, कोणते औषध किती वाजता दिले, भुलीचा तक्ता, शस्त्रक्रियेची टिपणे, संमतिपत्र, घरी सोडतानाचा गोषवारा. हे कागद हाती असतील तर मत देणारा डॉक्टर आज ना उद्या सापडतो. ते नसतील तर थोर तज्ज्ञही काही सांगू शकत नाही. अमेरिकेत संघराज्याच्या नियमाने रुग्णाला आपल्या नोंदींची प्रत तीस दिवसांत मिळावयाची असते. आपला नियम त्याहून कडक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविनियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचाराच्या आरंभापासून तीन वर्षे जतन करणे डॉक्टरावर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यास तिची पोच देऊन बहात्तर तासांत नकला देणेही. त्यापूर्वीच, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले होते की, खर्च घेऊन नकला देण्यास रुग्णालय नकार देऊ शकत नाही, आणि गोपनीयतेची सबब रुग्णाच्या स्वतःच्या नातलगांपुढे चालत नाही.

रस्त्यात भेटलेल्या त्या गृहस्थांस, आणि त्यांच्याप्रमाणे ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले आहे अशा प्रत्येक वाचकास, माझी कळकळीची विनंती आहे. शंका आली, तर त्याच दिवशी साध्या कागदावर, साध्या मराठीत, नकलांसाठी अर्ज लिहा; रुग्णाचे नाव व दाखल केल्याची तारीख घाला; दुसऱ्या प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का, तारीख आणि वेळ घेतल्याखेरीज परतू नका. पोच नाकारली, तर तोच अर्ज टपालाने नोंदवून पाठवा व पावती जपून ठेवा. नकला हाती आल्यावर त्या कोणा जाणत्या डॉक्टरास दाखवा, आणि त्याने तुमची शंका फोल ठरविली, तर ती मनातून काढून टाका. ठरविली नाही, तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे.