मिठागरांचे वडाळा

वडाळा म्हटले की आज आपल्याला रेल्वे स्थानक, मोनोरेल आणि उंच इमारती आठवतात. पण पूर्वी हे एक लहानसे गाव होते. विठ्ठल मंदिर, जवळच अँटॉप हिलला शेख मिस्री यांचा दर्गा आणि पूर्वेला खाडीपर्यंत मिठागरे.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्यासोबत वडाळ्याचीही आखणी झाली. १९३० साली इथल्या मिठासाठी सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. १ जूनला सुमारे १५,००० लोक जमले होते.

मिठागरे भरतीचे आणि पावसाचे पाणी पोटात घेतात. त्यांवर भराव पडला, तर तेच पाणी आपल्या उंबऱ्याशी येते. म्हणून उरलेली मिठागरे जपली पाहिजेत, असे आम्हाला वाटते.