पायाखालचा चटका

मागच्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या पेट्रोल मोटारीत एक विचित्र गोष्ट लक्षात आली. अर्धा तास गाडी चालवली, की क्लचवरून काढून खाली टेकवलेल्या डाव्या पायाला चटका बसे. उजव्या पायाला मात्र काहीच होत नसे. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, उन्हाळाच आहे. जाड रबरी मॅट टाका." मॅटने चटका थांबला असता, पण उष्णता थांबली नसती. म्हणून ती येते कुठून, हे आधी शोधायचे ठरवले.

वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णतेच्या प्रवासाचे तीन मार्ग आपण वर्गात शिकवतो. चालकाच्या पायांपाशी हे तिन्ही मार्ग येऊन मिळतात. त्यामुळे संशयितही अनेक.

पहिला संशयित हीटर. डॅशबोर्डमागे हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो. इंजिन थंड ठेवणारे, सुमारे ९० अंश सेल्सिअसचे पाणी त्यातून फिरते. गरम हवेची झडप नीट मिटत नसेल, तर नको असताना ही हवा पायांवर येते.

दुसरा संशयित म्हणजे इंजिन आणि चालक यांच्यामधला पत्रा. वायरी आणि केबल जाण्यासाठी त्याला भोके असतात. त्यातले रबरी बूच निघाले, की इंजिनाजवळची गरम हवा आत शिरते.

तिसरा संशयित विजेचा सैल जोड. समजा, जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम आहे आणि त्यातून १० अँपिअर धारा वाहते. धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १० वॅट उष्णता त्या एका ठिपक्याएवढ्या जागी निर्माण होते. वायरीचे आवरण वितळायला ती पुरेशी ठरू शकते. धारा मात्र वाढलेली नसते, त्यामुळे फ्यूज उडत नाही.

चौथा संशयित गाडीच्या पोटाखालून जाणारा धुराचा पाइप आणि त्यावरचा कॅटलिटिक कन्व्हर्टर. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. काम करताना तो कित्येकदा ५०० अंशांच्याही वर तापतो.

आता चौघांतून एकाला कसे निवडायचे? मी प्रयोगशाळेतले दोन अल्कोहोलचे तापमापक घेतले. एक पेडलांपासून दूर, पण पायांच्या उंचीवर हवेत राहील असा बांधला. दुसरा गालिच्याखाली, पत्र्याला टेकवून ठेवला. गाडी मी चालवली आणि नोंदी शेजारी बसलेल्या मुलीने घेतल्या. चालकाने हे दोन्ही एकट्याने करू नये.

तर्क सोपा होता. उष्णता हवेबरोबर येत असेल, तर हवा पत्र्यापेक्षा गरम असेल. ती खालून येत असेल, तर पत्रा हवेपेक्षा गरम असेल. अर्ध्या तासानंतर हवा ४१ अंश आणि पत्रा ६३ अंश होता. पहिले दोन संशयित जवळजवळ सुटले. तरी खात्रीसाठी हीटरची झडप आणि बाहेरची हवा आत घेण्याचा मार्ग एकेक करून बदलून पाहिला. फरक पडला नाही. नंतर इंजिन थंड असताना दिवे आणि पंखा बराच वेळ चालू ठेवले. पत्रा थंडच राहिला, म्हणजे वायरीवरचा संशयही कमी झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम इथे महत्त्वाचा. दोन एकदम बदलल्या असत्या, तर काहीच कळले नसते.

सर्वांत बोलका पुरावा गाडी थांबवल्यावर मिळाला. इंजिन बंद केल्यावरही पत्र्याचे तापमान काही मिनिटे वाढतच राहिले. गाडी धावताना खालून वाहणारी हवा पाइपाला थंड करते. गाडी थांबली की हा वारा थांबतो, पाइप मात्र तापलेलाच असतो. शिवाय आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि आमच्या गाडीत पाइप मधून जातो. म्हणून चटका डाव्याच पायाला!

गाडी रॅम्पवर चढवल्यावर उलगडा झाला. पाइप आणि तळ यांच्यामध्ये असणारा चकचकीत पातळ पत्रा जागेवर नव्हता. पूर्वीच्या एका दुरुस्तीत तो खडखडतो म्हणून कोणीतरी काढून टाकला होता.

एवढ्याशा पत्र्याने काय होते? प्रारणाने बाहेर पडणारी ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. ५०० अंश सेल्सिअस म्हणजे ७७३ केल्विन, तर ९० अंश म्हणजे ३६३ केल्विन. पृष्ठभाग सारखाच असेल, तर तापलेला पाइप हीटरच्या नळीच्या सुमारे वीसपट प्रारण फेकतो. चकचकीत पत्रा त्यातले बहुतेक परतवतो आणि उरलेली उष्णता त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहणारी हवा घेऊन जाते.

नवा पत्रा बसवल्यावर त्याच रस्त्यावर गालिच्याखालचे तापमान ४४ अंशांपर्यंतच गेले. जाड मॅट टाकली असती, तर पायाला कळले नसते, पण खालचा गालिचा आणखी तापला असता.

त्याच वेळी आणखी दोन तपासण्या करून घेतल्या. स्पार्क प्लग नीट पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो अधिकच तापतो. दुसरे, पाइपाचा सांधा फुटला असेल आणि तळाला भोक असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. पायाशी ऊब वाढली आणि त्याबरोबर डोके दुखू लागले किंवा मळमळू लागले, तर गाडी थांबवून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे. तापलेली गाडी वाळक्या गवतावर कधीच उभी करू नये.

वर्गात हे दाखवायला मोटार लागत नाही. तापलेली इस्त्री उभी ठेवा आणि तिच्या तळासमोर, बाजूने, वीतभर अंतरावर तळहात धरा. गरम हवा वर जाते, म्हणजे हाताला जाणवणारी ऊब मुख्यतः प्रारणाची. आता मध्ये स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल धरा, मग तिच्या दोन्ही बाजू काजळीने काळ्या करून पुन्हा धरा. फरक का पडतो, हे मुलांनाच सांगू द्या.