डिटेलिंगआधी गाडीची नोंद

डिटेलिंगसाठी आलेल्या गाडीची स्थिती कामाआधी पाहून, मोजून, फोटोंसह टिपून ठेवायची असते. बहुतेक ठिकाणी मोबाइल घेऊन गाडीभोवती एक फेरी मारली की ही नोंद झाली असे समजतात. पुढचा वाद टाळायला तेवढे कदाचित पुरेल, कामाला पुरत नाही. रंगाला किती हात लावायचा हे या नोंदीवरूनच ठरते.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सहसा चार थर असतात : गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. पॉलिश करताना हाच थर किंचित घासला जातो. हलक्या पॉलिशमध्ये एखाद-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंडमध्ये त्याहून जास्त, आणि गेलेला थर परत येत नाही. दर दिवाळीला कंपाउंड मारून घेतलेली गाडी चकाकते खरी, पण तिच्या अंगावर घासण्याजोगे फारसे उरलेले नसते.

म्हणून नोंदीत पहिला मान जाडी मोजणाऱ्या पेंट गेजचा. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय प्रवर्तनाने चालते, अ‍ॅल्युमिनियमवर एडी करंटने. प्लास्टिकच्या बंपरवर साधे गेज आकडाच दाखवत नाही. तिथे अल्ट्रासोनिक उपकरण लागते आणि ते महाग असल्याने फार थोड्यांकडे असते. शिवाय गेज एकूण जाडी सांगते, त्यात क्लिअर कोट किती हे सांगत नाही. त्यामुळे आकडे एकमेकांशी ताडून वाचावे लागतात. छत सहसा पुन्हा रंगवलेले नसते, तेव्हा सुरुवात तिथून करणे सोयीचे. छतावर ११५, डाव्या दारावर १२०, पण मागच्या उजव्या फेंडरवर २८० आकडा आला, तर तो फेंडर पुन्हा रंगवलेला आहे. आकडा ८०० च्या पुढे गेला, तर खाली पुट्टी भरलेली असण्याची शक्यता दाट. जुनी गाडी घेतलेल्या मालकाला ही बातमी अनेकदा डिटेलरच्या दुकानातच कळते. उलट एखाद्या पॅनेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर तिथे मशीन लावायचे की नाही याचा पुन्हा विचार करावा. दाराच्या कडा आणि पत्र्याच्या घड्या या जागी रंग लवकर निघतो, म्हणून तिथे विशेष जपावे.

पाहणी धुण्याआधी करायची की धुतल्यावर? धुळीखाली चरे दिसत नाहीत; आणि आधी धुतली, तर चरा धुतानाच पडला असे मालक म्हणू शकतो. यावर उपाय दोनदा पाहण्याचा. गाडी ताब्यात घेताना मालकासमोर पोचे, फुटलेले दिवे, काचेवरचा दगडाचा टवका, घासलेले अलॉय टिपावेत. धुऊन कोरडी केल्यावर दिव्याखाली रंग तपासावा. ट्यूबलाइटच्या पसरलेल्या उजेडात स्वर्ल मार्क, म्हणजे चुकीच्या धुण्याने पडलेले बारीक गोलाकार ओरखडे, लपून जातात. एकाच बिंदूतून येणारा एलईडी टॉर्चचा झोत किंवा थेट ऊन पडले की काळ्या बॉनेटवर त्यांचे जाळे दिसते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही याच वेळी पाहावेत. ते नुसते वर बसले आहेत की रंगात उतरले आहेत, यावर कामाचा खर्च ठरतो. चऱ्यात नख अडकत असेल, तर तो पॉलिशने पुरता जाणार नाही हे मालकाला तेव्हाच सांगावे.

प्रत्येक खुणेचे दोन फोटो हवेत. एक लांबून, म्हणजे जागा कळते. दुसरा जवळून, शेजारी नाणे किंवा पट्टी धरून, म्हणजे माप कळते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि वेळेची अंतर्गत नोंद पुसली जाते, म्हणून मूळ फाइल जपावी. आतल्या बाजूचे काम लवकर आटोपते : किलोमीटर, इंधन, डॅशबोर्डवर पेटलेले दिवे, काचा-एसी चालतात का, सीटवरचे डाग, गाडीत राहिलेल्या वस्तू. इंजिन धुवायचे असेल, तर उघड्या वायरी आणि बाहेरून बसवलेले हॉर्न-दिवे आधी पाहावेत.

हे सगळे जॉब कार्डावर उतरवून दोघांनी सही करावी. दुरुस्तीला किंवा डिटेलिंगला दिलेली गाडी भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार निक्षेप, म्हणजे विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात सोपवलेली वस्तू, ठरते, आणि कलम १५१ प्रमाणे सांभाळणाऱ्याने ती सामान्य समंजस माणूस स्वतःची वस्तू जपेल तशी जपायची असते. भिंतीवर ‘ओनर्स रिस्क’ची पाटी लावून निष्काळजीपणातून सुटका होत नाही, वॅले पार्किंगमधून चोरीला गेलेल्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हॉटेलला हाच मुद्दा सुनावला होता. ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून साधारणपणे दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते. तेव्हा निदान तेवढा काळ, आणि कोटिंगची हमी त्याहून लांब असेल तर ती संपेपर्यंत, जॉब कार्ड आणि मूळ फोटो दोघांनीही जपून ठेवावेत.